मदत हवी आहे: १० मीटर एअर रायफल, शेवटच्या वीस शॉट्सना ग्रुप (शॉट्सचा पुंजका) उजवीकडे सरकतो

पाचवी लेन

नमस्कार मंडळी. इथे नेमबाजी करणारे कोणी असतील, किंवा मुलांना रेंजवर सोडून बाहेर चहा पीत बसणारे पालक तरी असतीलच, म्हणून विचारतो.

मी १० मीटर एअर रायफल मारतो. वय ३६, नोकरी दिवसभर खुर्चीतली. ऑफिस सुटलं की जमेल तसं पुण्यातल्या एका क्लबच्या रेंजवर जातो. रायफल क्लबची, जॅकेट, ट्राउझर, बूट माझे. उजव्या हाताचा, उजवा डोळा.

परवाच्या सराव मॅचच्या दहा-दहा शॉट्सच्या सहा सिरीज अशा: १०३.१, १०२.८, १०२.४, १०१.६, १००.२, ९९.९. एकूण ६१०.०. दर वेळी थोड्याफार फरकाने हीच उतरंड. पहिल्या तीन सिरीजच्या चालीने शेवटपर्यंत गेलो तर ६१६ होतील, पण जात नाही.

स्क्रीनवर बघितलं तर शॉट वरखाली फारसे फाकत नाहीत. सगळे उजवीकडे, घड्याळातल्या तीनच्या दिशेला. ९.६, ९.४, आणि मध्येच एखादा १०.७ येतो, त्यामुळे जास्तच चिडायला होतं. चाळिसाव्या शॉटनंतर साईटचा स्क्रू फिरवून डावीकडे दोन क्लिक दिले की पुढचे दोन-तीन बरे लागतात आणि मग एक सरळ डावीकडे ९.२.

पेलेट, म्हणजे छर्रे, बदलून पाहिले (४.४९ मिलिमीटरऐवजी ४.५०). फोरसाईटची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साईटमधली, रिंग ३.८ मिलिमीटरची ४.२ केली. रायफलचा हवेचा सिलिंडर दर वेळी २०० बार दाबापर्यंत भरलेला असतो. कोच म्हणतात मन भरकटतं, ध्यान करा. ध्यानाला ना नाही, पण मन दर वेळी उजवीकडेच कसं भरकटतं?

क्लबमधले एक जण आपली जुनी जर्मन रायफल विकतायत. किंमत बरी वाटते, घरून मंजुरी यायची आहे. दोष रायफलचा असेल तर मंजुरीसाठी जोर लावतो. नसेल तर काय करू ते सांगा.

चहाबाज

बाहेर चहा पिणारा बाप हजर आहे. मुलगी आत, मी टपरीवर. तंत्रातलं मला कळत नाही, पण नवी रायफल घेतल्यावर ग्रुप सुधारला म्हणणारे ढिगाने भेटतात. आधीचे आणि नंतरचे स्कोअर शेजारी शेजारी ठेवणारा एकही भेटलेला नाही.

मिलिमीटर

रायफलचा दोष असता तर तो पहिल्याच सिरीजपासून दिसला असता. सिलिंडरचा दाब खूप उतरला की पेलेटचा वेग बदलतो आणि शॉट वरखाली जायला लागतात, पण भरलेला सिलिंडर साठ शॉट सहज पुरतो, आणि तुमचे तर आडवे जातायत. तरी शंका असेल तर रायफल क्लँपमध्ये आवळून दहा पेलेट मारून बघा. एकाच भोकातून गेले तर विषय संपला. आणि दहा मीटरच्या बंदिस्त रेंजवर वाऱ्याच्या नावाने खडे फोडायचीही सोय नाही.

थोडा हिशोब सांगतो. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट साडेचारचा, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला तर दहा. पुढचा दर दशांश पाव मिलिमीटरचा. तुमचा ९.६ म्हणजे पेलेट केंद्रापासून साडेतीन मिलिमीटरवर. तेवढं अंतर चुकायला दोन साईट्समधल्या ऐंशी सेंटिमीटरवर पाव मिलिमीटरच्या आसपास फरक पुरतो. एवढीशी गोष्ट हात थरथरल्याने झाली तर शॉट चारी दिशांना विखुरतात. एकाच बाजूला जातायत म्हणजे शरीर एका बाजूला चाललंय.

रंकाळा

मिलिमीटररावांनी बरोबर पकडलंय. मी कोल्हापूरचा, लहान पोरांना शिकवतो. तुमचं नव्वद टक्के पायात आहे बघा.

उभ्याने मारताना आपण लक्ष्याकडे डावी कूस करून उभे राहतो. दोन्ही पावलं नेमाच्या रेषेत, छाती उजवीकडे. त्यामुळे शरीर डावीकडे-उजवीकडे झुललं तर ते लक्ष्याच्या रेषेतच झुलतं, फार बिघडत नाही. पण टाचेकडून बोटांकडे झुललं की नळी आडवी सरकते. उजव्या हाताच्या माणसाचं वजन बोटांवर आलं की शॉट उजवीकडे, टाचेवर गेलं की डावीकडे. तुम्ही दिवसभर बसून काम करता. तासभर पाठीला बाक देऊन साडेपाच किलोपर्यंतची रायफल पेलायची म्हटल्यावर कंबर सैल पडते, बाक कमी होतो आणि वजन हळूहळू बोटांवर उतरतं. तुम्हाला कळत नाही, कारण लक्ष्याचा काळा गोळा फोरसाईटच्या रिंगमध्ये दिसत असतो. तो दिसतो कारण तुम्ही खांद्याने रायफल डावीकडे ओढून धरलेली असते. ट्रिगर सुटताना ती ओढ ढिली पडते आणि रायफल आपल्या जागी, म्हणजे उजवीकडे, परत जाते.

म्हणून नैसर्गिक रोख, म्हणजे अंग सैल सोडल्यावर रायफल आपोआप जिकडे बघते ती दिशा, तपासायचा. रायफल चढवा, डावं कोपर कमरेच्या हाडावर बसवा, गाल टेकवा, गोळा रिंगमध्ये घ्या. आता डोळे मिटा. एक श्वास पूर्ण आत, पूर्ण बाहेर. खांदे सोडून द्या, रायफल जिथं जायची तिथं जाऊ दे. डोळे उघडा. गोळा रिंगच्या डावीकडे दिसला, तर तुमची रायफल उजवीकडे बघतेय. हातानं ओढू नका. उजवा पाय केसभर पुढं, म्हणजे बोटांच्या दिशेला सरकवा. सगळं धड डावीकडं वळतं. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा बघा.

केसभर म्हणतोय ते शब्दशः घ्या. दोन पावलांत चाळीस सेंटिमीटर अंतर धरलं तर मागचा पाय एक मिलिमीटर सरकल्यावर दहा मीटरवर रोख साधारण अडीच सेंटिमीटर हलतो. अख्खा काळा गोळाच साडेतीस मिलिमीटरचा! पोरं पाय उचलून पुन्हा ठेवतात तेव्हा मी ओरडतो तो याचसाठी.

पाचवी लेन

रंकाळा, मनापासून आभार. रोख तपासतो, पण सायटरच्या (मॅचआधीच्या सरावाच्या शॉट्सच्या) वेळी एकदाच. नंतर पाय हलवत नाही. जमलेली पोझिशन मोडेल असं वाटतं. साठ शॉट साधारण पाऊण तासात होतात.

रंकाळा

मग मॅचला साठ शॉटसाठी ७५ मिनिटं काय शोभेला दिलीत? उरलेल्या मिनिटांचं कुणी बक्षीस देत नाही.

वीसाव्या शॉटला रायफल स्टँडवर ठेवा, लेनच्या मागे या, जॅकेटची बटणं सोडा, पाणी प्या. चाळिसाव्याला परत तेच, जरा बसून. सरावात बुटांच्या कडेने जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे परत उभं राहायला खूण राहील. मॅचमध्ये पट्टी नसेल तेव्हाही जागा पायाला सापडायला लागते. आणि परत आल्यावर पहिला शॉट मारायच्या आधी रोख तपासायचाच. क्लिक मात्र फिरवू नका. शरीर सरकलंय म्हणून साईट सरकवली तर शरीर जागेवर आल्यावर शॉट उलट्या बाजूला जाणार. तुमचा तो डावीकडचा ९.२ हाच.

आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पोटावर आडवं आणि उभ्याने) फायनलला गुडघ्यावर मारताना मागे होता, आडव्यानेही फार वर नव्हता. शेवटी उभ्याने चढला आणि ४५१.४ वर ब्राँझ घेऊन आला. थकल्यावर उभं कसं राहायचं हे त्या फायनलमध्ये बघा.

जुना खेळाडू

पायाचं पटलं. पण ४.२ रिंगही मला लहान वाटते. रिंग आणि गोळा यांच्यामधली पांढरी कड बारीक असली की डोळा ती सारखी करत बसतो, शॉट लांबतो, आणि शेवटच्या सिरीजपर्यंत डोळा थकलेला असतो. ४.५ लावून बघा. स्थिर नसलेल्याला मोठी रिंग जास्त स्थिर वाटते, ही काही फसवणूक नाही.

मिलिमीटर

इथे मी असहमत. एका वेळी एकच गोष्ट बदला. पेलेट बदलले, रिंग बदलली, आता पाय बदलणार. पुढच्या मॅचला ६१४ आले तर श्रेय कुणाला द्यायचं?

डोळ्याचं मात्र खरं आहे. गोळा रिंगमध्ये स्थिरावल्यापासून सहा ते आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर खाली घ्या. त्यानंतर डोळा आधीचंच चित्र धरून बसतो आणि समोर काय चाललंय ते दिसेनासं होतं. शॉट सोडल्यावर निदान दोन सेकंद तसेच राहा, स्क्रीनकडे लगेच मान वळवू नका.

जुना खेळाडू

मान्य, आधी पाय. घरी रायफल नेता येत नसेल तरी बूट-जॅकेट घालून, डोळे मिटून उभं राहायला काय हरकत आहे? टीव्हीवरच्या बातम्या ऐकत उभे राहा. वजन बोटांवर कधी जातं ते आपोआप कळायला लागेल. रायफल घरी असेल तर भिंतीवर पाच मीटरला सव्वापंधरा मिलिमीटरचा काळा ठिपका लावा आणि रिकामा ट्रिगर मारा. रिंगमध्ये तो रेंजवरच्या गोळ्याएवढाच दिसेल.

पाचवी लेन

अपडेट देतो. चिकटपट्टी लावली, वीस आणि चाळीसला खाली आलो, क्लिकला हात लावला नाही. चाळिसाव्यानंतर डोळे मिटून उघडले तर गोळा चक्क रिंगच्या बाहेर, डावीकडे! पाय सरकवला. शेवटच्या दोन सिरीज १०१.७ आणि १०१.२. उजवी बाजू बरीच आवरली. आता दोन-तीन शॉट सरळ खाली, सहाच्या दिशेला गेले, ९.५ च्या आसपास. हे नवीनच.

रंकाळा

बटणं सोडून परत लावलीत ना? मग बट प्लेट, म्हणजे रायफलची खांद्याला टेकणारी मागची पट्टी, खांद्यात दर वेळी त्याच उंचीवर बसतेय का ते बघा. वर बसली की नळी खाली बघते. जॅकेटच्या खांद्यावर खडूने बारीक खूण करा. श्वासही दर वेळी सारख्याच ठिकाणी थांबायला हवा. सगळे शॉट खाली गेले असते तर क्लिक द्या म्हटलं असतं. दोन-तीनच जातात म्हणजे बसवण्यात फरक पडतोय.

चहाबाज

आणि त्या जर्मन रायफलचं काय ठरलं?

पाचवी लेन

नाही असं अजून म्हटलेलं नाही. 😄

जुना खेळाडू

घ्यायचीच असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटून गेलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि जुन्या रायफली विकताना तो विषय कुणी आपणहून काढत नाही. तारीख गेलेली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून कापून मागा.