कॉलेजच्या रेडिओवर मुलं टिकत नाहीत, काय करावं?

गोदाकाठची:
नाशकातल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर काम करते. पगारी आम्ही दोघंच, बाकी सगळी मदार स्वयंसेवक मुलांवर. जुलैत वीसेक जण हौसेनं येतात, दिवाळीनंतर सहा उरतात. मार्चमध्ये परीक्षा लागल्या की सकाळी जुनेच कार्यक्रम फिरवावे लागतात. मुलांना दोष देत नाही, पण ऐकणाऱ्यांची लाज वाटते. कुणाला अनुभव आहे का?

सिडकोकर:
प्रमाणपत्र द्या, प्रवासखर्च द्या. फुकट किती दिवस येतील?

माजी_शिक्षिका:
प्रमाणपत्रानं मुलं येतील, पण तिसऱ्या वर्षानंतर जाणारच. मी निवृत्तीनंतर सात वर्षं अशाच एका स्टेशनवर जात होते. आमचंही हेच रडगाणं होतं, कारण स्टेशन कॉलेजचं म्हणून माणसंही कॉलेजचीच धरायची, अशी आमची समजूत. १०० वॅटचा ट्रान्समीटर, आवाज पोचतो पाच-दहा किलोमीटर. तेवढ्या टापूत राहणारा प्रत्येकजण तुमचा आहे.

एकदा तांबट आळीतल्या एका काकांना स्टुडिओत बोलावलं. माइकसमोर ते आक्रसूनच गेले. ‘हो’, ‘नाही’, संपलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी मोबाईल घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसली. हातात हातोडी आली आणि काकांचं तोंड उघडलं. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ते पुन्हा तापवून मऊ करावं लागतं, आणि ती वेळ त्यांना ठोक्याच्या आवाजावरूनच कळते. दोन्ही आवाज त्यांनी करून दाखवले. मऊ तांब्याचा बसका, कडक झालेल्याचा टणक. रेडिओला याहून काय हवं? पुढे दर पंधरवड्याला तेच आळीतल्या कुणाला तरी बोलतं करायचे. परीक्षा असो नसो.

गोदाकाठची:
बाहेरच्या माणसांना असा नियमित कार्यक्रम देता येतो? आमचे वरिष्ठ नियमाकडे बोट दाखवतात.

माजी_शिक्षिका:
नियम तुमच्याच बाजूनं आहे. कम्युनिटी रेडिओच्या सरकारी धोरणात निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा असं स्पष्ट लिहिलंय, ते पान छापून टेबलावर ठेवा. स्वतः तयार केलेल्या बातम्या देता येत नाहीत, हे खरं. पण हवामान, वाहतूक, पाणी-वीज यांची माहिती चालते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं हे नाशिककर आधी विचारतो, त्या दिवशी घाटावरच्या दुकानदाराइतका उपयोगी स्वयंसेवक दुसरा नाही. आणि प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं, ते काम मात्र मुलांकडेच द्या, चोख करतात.

गोदाकाठची:
शनिवारी गणेशवाडीच्या भाजीबाजारात जाते. एक मावशी आहेत, गिऱ्हाइकाशी तासभर बोलतील अशा.

माजी_शिक्षिका:
सकाळी गर्दीच्या वेळी नको. दुपारी जा, आधी भाजी घ्या. आणि मोबाईल टोपलीच्या कडेला ठेवा, हातात धरलात की त्या तुमच्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत राहतील.