पहिला खटला: ओपनिंग आणि शेवटचा युक्तिवाद कसा तयार करू?

काळा_कोट: नमस्कार. पुढच्या महिन्यात बचाव पक्षाकडून ओपनिंग (खटल्याच्या सुरुवातीचं निवेदन) आणि शेवटचा युक्तिवाद मीच करणार आहे, पहिल्यांदाच. आजवर सीनिअरांच्या मागे बसून फाइल सांभाळली. ओपनिंगचं टिपण ११ पानांचं झालंय. कुठे कात्री लावू?

जुनी_फाइल: ताई, आधी शेवटचा युक्तिवाद लिहा. निकालात काय यावं असं वाटतं ते दोन-तीन वाक्यांत मांडा आणि प्रत्येकासमोर साक्षीदार किंवा कागद लिहा. ज्याला आधार सापडत नाही, ते ओपनिंगमधून काढा.

ओपनिंगमध्ये युक्तिवाद करायचा नसतो. "साक्षीदार खोटं बोलतोय" असं म्हणू नका. "दिवा बंद होता, साक्षीदार रस्त्यापलीकडे होता" एवढं पुरतं. आणि कोण काय सांगेल याची हमी तर मुळीच देऊ नका. मी दिली होती. साक्षीदार फिरला, आणि समोरच्या वकिलांनी शेवटच्या युक्तिवादात माझंच वाक्य वाचून दाखवलं. त्या दिवशी अशिलाच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

काळा_कोट: हमीची तीन वाक्यं आत्ताच खोडली, सर. ओपनिंग राखून ठेवू का, म्हणजे फिर्यादी पक्षाचे साक्षीदार झाल्यावर करू का? आमच्याकडे मुभा आहे.

उलटतपासणी: मी राखून ठेवत नाही. फिर्यादी पक्षाचे सगळे साक्षीदार होईपर्यंत ऐकणाऱ्यासमोर एकच बाजू राहते. बचावाचा मुद्दा आधी कळला तर त्यांचे साक्षीदार सावध होतील, अशी स्थिती असेल तरच थांबा.

लांबीचं म्हणाल, तर रोमन वकील सिसेरोने सिसिलीचा माजी सुभेदार व्हेरिस याच्याविरुद्ध चालवलेला खटला बघा, इ.स.पू. ७०. बचाव पक्षाला प्रकरण पुढच्या वर्षात ढकलायचं होतं. सिसेरोने लांबलचक भाषण टाळलं, थोडक्यात बोलून थेट साक्षीदार उभे केले. खटला पुरा व्हायच्या आत व्हेरिस रोम सोडून गेला.

जुनी_फाइल: शेवटच्या युक्तिवादात मात्र साक्षीदार क्रमांक १, २, ३ असं वाचत जाऊ नका, सगळे कंटाळतात. वादाचे मुद्दे घ्या आणि प्रत्येकाखाली पुरावा लावा. उलटतपासणीतलं उत्तर जसंच्या तसं वाचा, स्वतःच्या शब्दांत सांगू नका. पुराव्यात न आलेलं काही बोलू नका, "माझी खात्री आहे" हेही नको. तुमची कमकुवत बाजू तुम्हीच काढा आणि उत्तर द्या. अनेक ठिकाणी शेवटचा शब्द फिर्यादी पक्षाचा असतो, नंतर बोलायला मिळणार नाही.

काळा_कोट: आमची कमकुवत बाजू म्हणजे अशिलाचा उशिरा दिलेला जबाब. तो लपवत होते. आता ओपनिंगमध्येच घेते, कारणासकट. टिपण चार पानांवर आलंय.

उलटतपासणी: आता कागद बाजूला ठेवून मोठ्याने बोलून बघा. अडखळाल तिथे अजून कापा.