व्हीएसडी असलेली मुलगी दूध पिताना दमते, माझं काही चुकतंय का?

प्रश्न (कराडहून एक आई)
मुलगी सात आठवड्यांची. हृदयात छिद्र (व्हीएसडी) आहे, लघवीचं औषध सुरू आहे. पहिला महिना छान प्यायची. आता दोन मिनिटं ओढते, कपाळावर घाम फुटतो आणि झोपून जाते. वजन 3 किलो 200 ग्रॅमवर अडकलंय. सासूबाई म्हणतात, तुझं दूध आटलं.

उत्तर (सिस्टर, लहान मुलांच्या हृदय विभागात 14 वर्षं)
ताई, स्वतःला दोष देऊ नका. जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असतो, म्हणून छिद्रातून रक्त तिकडे कमी जातं. तो दाब उतरला की फुप्फुसात रक्ताचा लोंढा सुरू होतो. जिना चढता चढता जेवावं, तसं तिचं पिणं होतंय.

दर दोन तासांनी पाजा. भुकेने रडेपर्यंत थांबू नका, रडण्यातच तिची ताकद जाते. वीस मिनिटांत आटपा. उरलेलं दूध काढून उकळलेल्या बोंडल्याने द्या, डोकं उंच धरून. वरचं पाणी अजिबात नको. औषध सिरिंजनेच मोजा. ओकली तर आपल्या मनाने दुसरा डोस देऊ नका, फोन करून विचारा.

बाळाला घट्ट गुंडाळू नका, छाती मोकळी हलली पाहिजे. आणि धुरी बंद. सासूबाईंना माझं नाव सांगा, सिस्टरने बजावलंय म्हणा.

वजन रोज सकाळी, उघड्या अंगाने, एकाच काट्यावर. एका रात्रीत एकदम वाढलं तर आनंदू नका. ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं.

उत्तर (टीओएफ, म्हणजे बाळ निळं पडणारा जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाची आई)
आमचा मुलगा रडून निळा पडायचा, तेव्हा गुडघे छातीशी दाबून धरायचो. हेही करून बघा.

सिस्टर
तो उपाय निळ्या झटक्यांचा, आणि तो करत करतच दवाखाना गाठायचा असतो. या बाळाचं दुखणं वेगळं आहे. ताई, ती झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले, तर परत मोजा. तरी तेवढेच आले तर त्याच दिवशी दाखवा.

कराडची आई
पहाटे दोनदा मोजले. 68 आणि 70. डॉक्टरांना फोन केला, निघतोय.

सिस्टर
डिस्चार्ज कार्ड आणि औषधाची बाटली बरोबर घ्या. शेवटचा डोस किती वाजता दिला ते कागदावर लिहा. वाटेत ओठ निळे दिसले किंवा अंग सैल पडलं, तर थांबू नका, जवळच्या दवाखान्यात शिरा.