शब्दचर्चा : ‘परवानाधारक’ विमा एजंट म्हणावं का?

दारव्ह्याहून प्रश्न :
पुतण्या यंदा विमा एजंटाची परीक्षा पास झाला. घरासमोर लावायला टिनाची पाटी सांगितली. पेंटरनं खडूनं आखलं, ‘शासनमान्य परवानाधारक विमा एजंट’. वहिनी म्हणे, “शासनमान्य काऊन लिहून राहिले? देशी दारूचं दुकान हाये का?” हसणं झालं, पण माझं अडलं ते ‘परवानाधारक’वर. पोराला कंपनीकडून नियुक्तिपत्र अन् ओळखपत्र मिळालंय. परवाना असा काही कागदच नाही. मग शब्द बरोबर आहे का?

आर्वीहून :
नाही, भाऊ. जुना असता तर चालला असता. माझ्या कपाटात अजून लायसन पडलं आहे, प्लास्टिकमधलं. तीन वर्षांची मुदत, ती सरली की पुन्हा प्रशिक्षण अन् नूतनीकरण. 1938च्या विमा कायद्याच्या 42व्या कलमात 2015 साली दुरुस्ती झाली अन् तिथून एजंटाचा परवाना गेला. आता कंपनीच नेमणूक करते, 1 एप्रिल 2016पासून नियमही तसेच आहेत. हैदराबादचं विमा नियामक प्राधिकरण नियम घालून देतं, परीक्षा असतेच, पण नेमणूक कंपनीची. म्हणून ‘नियुक्त विमा प्रतिनिधी’ म्हणा. परवाना हा शब्द सर्वेअरला ठेवा. ट्रॅक्टर उलटला की नुकसान पाहायला येतो ना, त्याला आजही प्राधिकरणाचाच परवाना लागतो.

वणीहून :
‘परवाना’ फारसीतून आलेला, म्हणजे लेखी हुकूम. आपल्याकडं कृषी केंद्राच्या भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेला दिसतो, म्हणून तो शब्द वाचला की लोकांना सरकारच आठवतं. एजंटाला ‘अभिकर्ता’ म्हणणं कागदावर ठीक, तोंडात कोणाच्या बसत नाही. आमच्या गावात कंपनी कोणतीही असो, माणूस ‘एलआयसीवाला’च. अन् ‘दलाल’ तर मुळीच लिहू नका. कापसाच्या बाजारानं तो शब्द बदनाम केला ते एक, शिवाय कायद्यात विमा दलाल वेगळा. तो ग्राहकाच्या बाजूनं अनेक कंपन्यांच्या पॉलिसी पाहतो. एजंट कंपनीचा माणूस.

दिग्रसहून :
पाटीवरच्या एका शब्दासाठी एवढा खल? लोक लायसनच म्हणणार.

आर्वीहून :
म्हणू द्या, पण फरक पडतो. आमच्या शेजारच्या गावात एका बाईचे दोन हप्ते एजंटानं रोख नेले, पावती दिली नाही. पॉलिसी बंद पडली. विचारायला गेली तर म्हणे, “माह्यं लायसन सरकारी हाये.” बाई बिचारी तहसीलला खेटे घालत राहिली, तिथं कोण ऐकणार? जायला पाहिजे होतं कंपनीच्या शाखेत. एजंटानं केलं-न केलं त्याला कंपनी जबाबदार, असं त्याच 42व्या कलमात आहे, अन् दंड एक कोटीपर्यंत. ‘सरकारी लायसन’ ऐकलं की माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

दारव्ह्याहून :
पटलं. पेंटरनं ओल्या फडक्यानं खडू पुसला. आता वर ‘विमा प्रतिनिधी’, खाली कंपनीचं नाव अन् शाखेचा पत्ता. पुतण्या थोडा नाराज आहे, त्याला ‘शासनमान्य’ भारी वाटत होतं.