एक औंसाची दोन नाणी, वजनं वेगळी. कमी कसाचं नाणं जड कसं?

प्रश्न
क्रुगररँड (दक्षिण आफ्रिकेचं सोन्याचं नाणं) आणि मेपल लीफ (कॅनडाचं), दोन्हींवर एक औंस कोरलंय. काट्यावर मात्र क्रुगररँड ३३.९३ ग्रॅम भरतं आणि मेपल लीफ ३१.१. क्रुगररँड तर २२ कॅरेटचं! मग त्यात सोनं कमी की जास्त?

उत्तर १
सारखंच. कोरलेला औंस हे आतल्या चोख सोन्याचं वजन, अख्ख्या नाण्याचं नव्हे. तोही ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम, २८.३५ वाला साधा औंस इथे विसरा. ३३.९३ ला २२ ने गुणा, २४ ने भागा, ३१.१० येतील. उरलेलं पावणेतीन ग्रॅमच्या वर तांबं, म्हणून नाणं लालसर दिसतं.

तांबं फसवायला घातलेलं नाही. चोख सोनं मऊ, हाताळून झिजतं. ब्रिटनचं सॉव्हरिन नाणंही त्यासाठीच २२ कॅरेट: वजन ७.९९ ग्रॅम, सोनं ७.३२. मेपल लीफ १९७९ मध्ये ९९९ टंचाचं (हजारात ९९९ भाग सोनं) निघालं, १९८२ पासून ९९९.९. दिसायला देखणं, पण ओरखडे लगेच पडतात. डबीतून काढून मिरवायचं नाणं नाही ते.

प्रश्नकर्ता
म्हणजे रंगावरून कस ओळखता येईल?

उत्तर १
छे! अमेरिकन ईगलही २२ कॅरेटच, पण तांब्याबरोबर ३ टक्के चांदी असल्याने क्रुगररँडपेक्षा पिवळं. ब्रिटनच्या ब्रिटानिया नाण्याची तर गंमतच आहे. १९८७ ते ८९ तांब्याची मिसळ, १९९० पासून चांदीची, आणि २०१३ पासून थेट ९९९.९. नाव एकच, म्हणून आधी साल बघा, मग कसाचं बोला.

उत्तर २
घरी पडताळायचं तर काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन: क्रुगररँडला सुमारे १.९ ग्रॅम, मेपल लीफला १.६ दिसायला हवं. काट्याला ग्रॅमचा शंभरावा भाग तरी कळला पाहिजे, नाहीतर उगाच घाबराल.

उत्तर १
बरोबर, फक्त नाण्यात सोन्याऐवजी टंगस्टन हा धातू भरला असेल तर तो यात सापडत नाही. त्याची घनता १९.२५, सोन्याची १९.३, पाण्याला फरक कळत नाही. मेपल लीफसारख्या चोख नाण्याबद्दल शंका असेल तर विद्युतवाहकता मोजणारं यंत्र असलेल्याकडे न्या. सोनं वीज टंगस्टनपेक्षा बरंच चांगलं वाहून नेतं.