‘माझा आदर्श’ की ‘माझ्या आदर्श’? आणि ‘कचरेवाली’ला दुसरा शब्द?

लेक चौथीत आहे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. शाळेत ‘माझा आदर्श’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. तिनं सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींवर लिहिलं. मागे एकदा तिनं फुटलेला पेला तसाच सुक्या कचऱ्यात टाकला होता आणि मावशींचं बोट कापलं होतं. त्या रागावल्या नाहीत. काच वर्तमानपत्रात कशी गुंडाळायची आणि वर ‘काच’ असं का लिहायचं, हे त्यांनी तिला जिन्यात बसून दाखवलं. तेव्हापासून घरात काही फुटलं की कागद घेऊन तीच धावते. निबंधात एवढंच होतं.

वही परत आली ती लाल शाईचा शेरा घेऊन : ‘आदर्श म्हणजे थोर व्यक्ती. पुन्हा लिही.’ ‘मावशी माझा आदर्श आहेत’ या वाक्यातलं ‘माझा’ खोडून ‘माझ्या’ केलं होतं. ‘कचरेवाली’ला मात्र हात लावला नव्हता. मला हे फार लागलं. व्याकरण कुणाचं बरोबर? ‘आदर्श’ थोरांनाच लागतो का? आणि ‘कचरेवाली’ऐवजी काय लिहावं?

प्रतिसाद

व्याकरण लेकीचंच बरोबर आहे. ‘आदर्श’ हे नाम पुल्लिंगी. ‘आई माझा आधार आहे’ असं आपण म्हणतो, ‘माझी आधार’ म्हणत नाही. तसंच हे. पुरुषाबद्दल ‘माझे आदर्श’ असं आदरानं म्हणतात, त्या सवयीनं ‘माझ्या’ सुचलं असावं. विशेषण म्हणून वापरलं, ‘आदर्श शिक्षिका’, ‘आदर्श गाव’, की हा प्रश्नच उरत नाही.

आता अर्थ. संस्कृतात ‘आदर्श’ म्हणजे आरसा. आ + दृश्, ज्यात पाहायचं ते. हाच शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत ‘आरसा’ झाला, आणि पुढे संस्कृतातून तो जसाच्या तसा पुन्हा घेतला तेव्हा ‘आदर्श’ राहिला. म्हणजे भिंतीवरचा आरसा आणि निबंधातला आदर्श हे सख्खे भाऊ. थोरपणाची अट या शब्दात मुळात नाही. आरसा तोंडासमोर असावा लागतो. तुमच्या लेकीचा रोज सकाळी दारात येतो.

आपल्याकडे याहून घरगुती शब्द आहे : कित्ता. अरबीतून आलेला. वहीच्या वरच्या ओळीतलं वळणदार अक्षर, ज्याच्यावरून मुलं गिरवतात. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार तिथलाच, आणि ‘वळण’ही अक्षराला लागतं तसंच मुलालाही. काच कागदात गुंडाळणं हे मावशींचा कित्ता गिरवणंच झालं. गिरवायला अक्षर जवळचं लागतं.

प्रतिसाद

माझे वडील अग्निशमन दलातून ‘तांडेल’ म्हणून निवृत्त झाले. लहानपणी मला हा शब्द सांगायला संकोच वाटायचा, मी ‘फायरमन’ म्हणायचे. पुढे कळलं की तांडेल म्हणजे होडीवरचा, खलाशांचा म्होरक्या. दलात तो फायरमनच्या वरचा, हातात नळी धरून पुढे जाणाऱ्यांचा मुख्य. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात मुलांना जवळच्या केंद्रात जरूर न्या आणि तिथे पदांची नावं विचारायला सांगा. शब्द माहीत झाला की माणूस दिसायला लागतो, हे मी स्वतःवरून सांगते.

प्रतिसाद

‘कचरेवाली’ नको. पुण्यात यासाठी ‘कचरावेचक’ हा शब्द रुजलेला आहे. १९९३ साली इथेच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. वेचणं म्हणजे नुसतं उचलणं नाही. आपण फुलं वेचतो, तांदळातले खडे वेचतो. त्यात नजर आणि निवड दोन्ही आलं. ओलं-सुकं, काच-पत्रा वेगळं करणाऱ्या बाईला हाच शब्द शोभतो.

मात्र मावशी ‘स्वच्छ’च्या असतील तर ‘महापालिकेच्या कर्मचारी’ लिहू नका. त्यांना पालिकेचा पगार नसतो, घरोघरच्या मासिक शुल्कावर त्यांचं घर चालतं. आणि पालिकेत ‘बिगारी’ हे पद आहे, तेही मुलांना समजावून सांगावं. बिगार म्हणजे बिनमोबदल्याची सक्तीची मेहनत. वेठबिगारी १९७६च्या कायद्यानं गेली, आजच्या बिगाऱ्याला पगार मिळतो, पण पदनामात तो जुना शब्द तसाच आहे. मला तो बदललेला पाहायचा आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीनं निबंध पुन्हा लिहिला, मावशींवरच. ‘माझा’ तसंच ठेवलं, ‘कचरावेचक’ घातला. पहिल्या ओळीत पूर्ण नाव लिहायचं होतं आणि तिथे ती अडली. दोन वर्षं आम्ही ‘मावशी’च म्हणत होतो, नाव मलाही माहीत नव्हतं. आज सकाळी ती वही घेऊनच दारात उभी राहिली. मावशींनी नाव सांगितलं, मग तिच्या हातून पेन्सिल घेऊन आडनावाचा ऱ्हस्व दीर्घ करून दिला.