'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे नक्की काय? लवकर सांगा

घाईत_आहे: साहेबांचा मेल आलाय. शेवटी लिहिलंय, "इट्स हॉब्सन्स चॉइस, आय ॲम अफ्रेड". गूगल केलं तर जो तो वेगळंच सांगतोय. उत्तर आजच द्यायचंय. प्लीज!

पोपटराव: अख्खा मेल टाका की. कशाबद्दल आहे?

चिंचगूळ: सोप्पंय. इकडे आड, तिकडे विहीर.

फणसगरे: नाही हो. आड-विहिरीत निदान दोन पर्याय असतात, इथे एकच. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा घोडेवाला, १६३१ साली वारला. विद्यार्थी येऊन नेमके चांगलेच घोडे मागायचे आणि दामटून त्यांची वाट लावायचे. मग त्याने नियमच केला, पाळीने दाराशी जो घोडा असेल तोच न्यायचा. नको असेल तर पायी जा.

चिंचगूळ: आमचे बॉस कायम 'डायलेमा' याच अर्थाने वापरायचे, आणि ते लंडनला राहून आलेले.

फणसगरे: मग ते लंडनला राहून चुकीचं बोलायचे.

मधुमालती: भाची केंब्रिजला आहे. तिथे हॉब्सन स्ट्रीट आहे, शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या पाटालाही त्याचंच नाव. तो गेल्यावर इंग्रजी महाकवी मिल्टनने त्याच्यावर कविता केल्या. घोडेवाल्यावर, मिल्टनने!

बंडू_नाना: 'हॉब्सन-जॉब्सन'वाला हाच का?

फणसगरे: काही संबंध नाही. तो १८८६ चा अँग्लो-इंडियन शब्दकोश. मोहरममधल्या "या हसन! या हुसेन!"चं गोऱ्या सोल्जरांनी जे केलं, ते त्याचं नाव.

ठाणेकर_काका: 'आय ॲम अफ्रेड' म्हणजे साहेब घाबरलेत असं नव्हे बरं का. नाइलाज आहे, इतकंच.

घाईत_आहे: ते माहितीये काका!! पुण्यात प्रोजेक्ट नाही, चेन्नईत एक जागा आहे, ती घे नाहीतर बेंचवर बस, म्हणजे प्रोजेक्ट मिळेपर्यंत बिनकामाचा थांब, असं म्हणतायत.

पोपटराव: हे आधी सांगायचं ना राव. बेंचवर पगार किती महिने चालू राहतो?

चिंचगूळ: बघा! चेन्नई आणि बेंच, झाले की दोन.

फणसगरे: बेंच म्हणजेच पायी जाणं. घोडा एकच.

मधुमालती: चेन्नई छान आहे हो. फक्त घर घेताना पाण्याचं आधी विचारा.

घाईत_आहे: मग उत्तरात "आय ॲक्सेप्ट द हॉब्सन्स चॉइस" लिहू?

फणसगरे: अजिबात नको. साहेब स्वतः म्हणाले तर नाइलाज, तुम्ही म्हणालात तर टोमणा. "चेन्नईला जायला तयार आहे, सामान हलवायचा खर्च मिळेल का" एवढंच विचारा.

पोपटराव: बेंचच्या पगाराचं राहिलंच.